घाट, रोजचा रस्ता आणि वर्षातून एखादा ट्रॅक : ब्रेक ऑइल कसं निवडायचं?

काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, पुढे रखडत चाललेला ट्रक. त्यामुळे सगळा घाट ब्रेकवरच उतरलो. खाली आल्यावर टपरीवर चहा घेतला आणि दहा मिनिटांत परत गाडीत बसलो. रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला, तर पेडल मऊ पडत पडत थेट तळाला टेकलं. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर जरासं वर आलं. हेच घाटाच्या वळणावर झालं असतं तर, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

घरी येऊन पुढच्या चाकाच्या ब्रेकचं निपल (जुनं ऑइल आणि हवा काढायची छोटी तोटी) उघडलं, तर कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल बाहेर आलं. सर्व्हिसच्या बिलावर मात्र आठ महिन्यांपूर्वी ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशी नोंद होती. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो आणि जो विचारेल त्याला शिकवतो. रोज ऑफिसला जाणारी, सुट्टीत कोकणात उतरणारी आणि वर्षातून एक-दोनदा कोईमतूर किंवा चेन्नईच्या रेसच्या ट्रॅकवर नेली जाणारी साधी हॅचबॅक किंवा सेडान ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे समजून घ्या : ऑइल उकळतं म्हणजे काय होतं

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही म्हणतो. पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल इथर या रसायनाचं असतं. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ब्रेकच्या टाकीत पडलं, तर आतली सगळी रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) कॅलिपरपर्यंत (चाकाजवळ पॅड डिस्कच्या चकतीवर दाबणारा भाग) सगळं बदलावं लागतं. त्यामुळे टाकीत काहीही ओतण्याआधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचा.

द्रव दाबला जात नाही, या एका गोष्टीवर ब्रेक चालतात. तुम्ही पेडल दाबता, तो दाब पाइपमधून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जसाच्या तसा पोचतो. पण कॅलिपर तापून आतलं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि वाफ दाबली जाते. मग तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पिस्टन जागचा हलत नाही.

माझ्या बाबतीत हे घाट संपल्यावर का झालं? गाडी चालू असते तेव्हा वारा डिस्कला थंड करत असतो. थांबलात की वारा बंद होतो. डिस्क आणि पॅडमध्ये साठलेली उष्णता पिस्टनमधून ऑइलकडे सरकते. म्हणून ऑइलचं तापमान कित्येकदा गाडी थांबल्यावरच सगळ्यात वर जातं. हे नीट लक्षात ठेवा, ट्रॅकवर याचा पुढे उपयोग आहे.

किती उष्णता? माणसांसह १,३०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर साधारण ५०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तीच गाडी हजार मीटर उंचीवरून खाली आणायची, तर जवळपास १२,७५० किलोज्यूलची विल्हेवाट लावावी लागते, म्हणजे तसे पंचवीस करकचून लावलेले ब्रेक. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरलात तर यातला मोठा वाटा इंजिन घेतं. मी त्या दिवशी घेऊ दिला नव्हता.

आता ट्रॅक बघा. १०० वरून ६० वर येताना याच गाडीचे सुमारे ३२० किलोज्यूल ब्रेकमध्ये जातात. एका फेरीत असे चार ब्रेक आणि एकूण दहा फेऱ्या धरल्या तर बेरीज १२,८००. म्हणजे एका मोठ्या घाटाइतकीच! फरक वेळेचा आहे. घाट उतरायला तास लागतो. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन-सव्वादोन किलोमीटरची एक फेरी असते, तिथे दहा फेऱ्या पंधरा मिनिटांत होतात. ब्रेकना निवायला वेळच मिळत नाही.

पायरी पहिली : टाकीचं झाकण वाचा

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला मागे पांढरट प्लास्टिकची छोटी टाकी दिसेल. तिच्या झाकणावर किंवा बाजूला ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असं लिहिलेलं असतं. तिथे नसेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. निवडीची सुरुवात तिथून होते.

हे आकडे अमेरिकन मानकातून आले आहेत आणि ते किमान मर्यादा सांगतात. कोरडा उत्कलनबिंदू म्हणजे सीलबंद, ताज्या ऑइलचा. ओला उत्कलनबिंदू म्हणजे ऑइलने सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा.

डॉट ३ : कोरडा २०५, ओला १४० अंश सेल्सिअस.
डॉट ४ : कोरडा २३०, ओला १५५.
डॉट ५.१ : कोरडा २६०, ओला १८०.

डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात. पण मिसळलं की महागाच्या ऑइलचा फायदा पातळ होतो, म्हणून बदलायचं तर पूर्ण बदला.

इथे नवखा माणूस हमखास फसतो तो ‘डॉट ५’ मध्ये. नाव ५.१ च्या जवळचं, पण वस्तू पूर्ण वेगळी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, रंगाने जांभळं, आणि बाकीच्यांत मिसळत नाही. त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणून एबीएसच्या (करकचून ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) गाडीत ते घालत नाहीत. तुमच्या-माझ्या गाडीशी त्याचा संबंध नाही. दुकानदाराने ‘पाच आहे, चारपेक्षा भारी’ म्हणून दिलं तरी परत करा.

पायरी दुसरी : पाण्याचा हिशेब करा

ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, रोज थोडी थोडी. गाडी उभी असली तरी. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तीच हवा तुमच्या ब्रेकच्या टाकीभोवती असते.

म्हणून बाटलीवरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. तो पहिल्या दिवसाचा आकडा आहे. वर्ष-दोन वर्षांनी तुमच्या पायाखाली असतं ते ओल्या आकड्याकडे सरकलेलं ऑइल. या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे : यंदा घातलेलं साधं डॉट ४ हे तीन वर्षं पडून राहिलेल्या बहुतेक रेसिंग ऑइलपेक्षा बरं. पैसे मर्यादित असतील तर भारी बाटलीऐवजी वेळेवर बदलण्यावर खर्च करा.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. देशावरच्या कोरड्या हवेत मी दोन वर्षं मान्य करतो. किनारपट्टीला राहत असाल तर दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी बदला, असं मी सांगेन.

ऑइल किती जुनं झालंय हे नुसत्या रंगावरून कळत नाही. काळं पडलं असेल तर बदलायलाच हवं, पण पिवळं दिसतंय म्हणून पाणी नाही असा अर्थ होत नाही. पेनसारखे दिवे लागणारे टेस्टर स्वस्त मिळतात. ते विद्युतवाहकता मोजतात आणि वेगवेगळ्या ऑइलमध्ये गोंधळतात. शिवाय टाकीतलं ऑइल आणि कॅलिपरमधलं ऑइल सारख्या अवस्थेत नसतं. टेस्टरपेक्षा आपल्यासमोर बदलून वहीत लिहिलेली तारीख जास्त खरं बोलते.

पायरी तिसरी : तुमचं ऑइल ठरवा

फक्त रस्ता आणि घाट असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते चांगल्या कंपनीचं डॉट ४. एवढंच. गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी एकेका चाकाचा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असेल तर बाटलीवर ‘क्लास ६’ किंवा ‘एलव्ही’ (लो व्हिस्कॉसिटी, म्हणजे पातळ) लिहिलेलं घ्या. ईएसपीचा पंप ऑइल फार वेगाने आत-बाहेर करतो, म्हणून त्याला पातळ ऑइल लागतं. क्लास ६ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २५० आणि ओला किमान १६५ असतो, म्हणजे साध्या डॉट ४ पेक्षा वरचा. नव्या गाड्यांना मी डोळे झाकून हेच सुचवतो.

वर्षातून एक-दोन ट्रॅक डे (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) करत असाल तर गोष्ट जरा वेगळी. पुण्याहून कोईमतूर सुमारे बाराशे किलोमीटर. आपल्यापैकी बहुतेक जण गाडी ट्रेलरवर नेत नाहीत, चालवत नेतात आणि चालवत परत आणतात. म्हणजे हायवेचे बाराशे, ट्रॅकच्या फेऱ्या, आणि पुन्हा बाराशे, सगळं एकाच ऑइलवर. त्यामुळे कोरडा आकडा उंच हवा, पण ओला आकडा कोसळणारा नको.

इथे तीन पर्याय विचारात घ्या. एटीई टाइप २०० : कोरडा सुमारे २८०, ओला सुमारे १९८. मोटूल आरबीएफ ६०० : कोरडा ३१२, ओला २०० च्या थोडा वर. आणि कुठल्याही चांगल्या कंपनीचं डॉट ५.१, कोरडा साधारण २६० ते २७०. पहिल्या दोन्हीवर डॉट ४ असं लिहिलेलं असतं आणि तरी ती ५.१ च्या वर आहेत, याचं नवल वाटेल. पण मानक फक्त किमान सांगतं आणि पातळपणाची वेगळी अट घालतं. डॉट ४ ची किमान अट ओलांडून कितीही वर जायला कुणाची मनाई नाही. म्हणून डॉटचा आकडा पाहून थांबू नका, बाटलीमागचे दोन उत्कलनबिंदू वाचा.

माझी निवड : हलक्या हॅचबॅकला आणि पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला एटीई टाइप २०० पुरतं. वजनदार सेडान असेल, टर्बो असेल, किंवा तुम्ही ब्रेक उशिरा मारायला शिकला असाल, तर आरबीएफ ६००. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर जाणार असाल तरी ६००. तिथल्या जवळपास एक किलोमीटरच्या सरळीच्या शेवटी साधी गाडीही भलत्या वेगात पोचते आणि तिथून एका अवघड वळणासाठी खाली आणावी लागते.

कॅस्ट्रॉल एसआरएफचं नाव तुम्ही ऐकाल. त्याचा ओला उत्कलनबिंदू तब्बल २७० आहे, म्हणजे पाणी शोषूनही ते बऱ्याच ताज्या ऑइलच्या तोडीचं राहतं. ऑइल सुंदर आहे, किंमतही तशीच आहे. दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्याला परवडतं, वर्षातून एकदा जाणाऱ्याने ते पैसे पॅडसाठी ठेवावेत.

पॅडचं बोललोच तर हा फरक पाठ करून ठेवा. पेडल कडक आहे, पाय जोरात दाबतोय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय : पॅड तापले. पेडल मऊ पडून खाली जातंय : ऑइल उकळलं किंवा आत हवा आहे. पहिल्या दुखण्यावर ऑइल बदलून उपयोग नाही. कंपनीचे साधे पॅड ट्रॅकवर पुष्कळदा ऑइलच्या आधीच हार मानतात.

मोटारसायकलच्या डिस्कलाही हेच नियम. टाकी अगदी लहान असल्यामुळे तिथे वेळेवर बदलणं आणखी महत्त्वाचं.

पायरी चौथी : विकत घेताना

पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं. एका लिटरची एक बाटली घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन घ्या. एकदा सील फोडलं की उरलेलं ऑइल हवेतलं पाणी प्यायला लागतं, ते पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवायचं नाही. सील, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर पाहा. सुटं ऑइल कधीही घेऊ नका.

पायरी पाचवी : बदलणं

ट्रॅकला निघण्याच्या आधीच्या आठवड्यात हे करा, आदल्या रात्री नको. पाऊस पडत असताना मुळीच नको. पहिल्यांदा करत असाल तर जाणकार मेकॅनिकला शेजारी उभं करा. ब्रेकच्या कामात अंदाजपंचे चालत नाही.

लागणारं सामान : निपलच्या मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना ८, १० किंवा ११ नंबर), माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी, रिकामी पाण्याची बाटली, मेडिकलमधली मोठी सिरिंज, भरपूर चिंध्या आणि बादलीभर पाणी. पाणी कशाला? हे ऑइल रंग खातं. फेंडरवर थेंब पडला की लगेच पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका.

गाडी सपाटीवर, इंजिन बंद, ब्रेक थंड. जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल बरंचसं काढा आणि नवीन भरा.

आता चाकांचा क्रम. परदेशी व्हिडिओत मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करतात, कारण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. नियम आहे तो मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाचा. आपल्याकडे ते बहुधा मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल सांगेल ते प्रमाण.

मागे ड्रम असतील तर निपल चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीमागच्या पत्र्यावर सापडेल. कोकणातल्या गाड्यांची निपलं गंजून घट्ट बसलेली असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि ओपन पान्याने झटका देऊ नका. निपल तुटलं तर तुमचा रविवार गेला आणि कदाचित कॅलिपरही.

रबरी टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग त्यावरून नळी घट्ट खोचा. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं ऑइल घालून त्यात बुडवा. आणि आता दोन माणसांचं काम. माझा भाचा सीटवर बसतो आणि आमचं हे असं चालतं :

“मामा, दाबू?”

“दाब. हळू. धरून ठेव.” मी निपल पाव आटा सोडतो. नळीतून काळपट धार येते, पेडल खाली जातं.

“खाली गेलं!”

“सोडू नकोस!” मी निपल बंद करतो. “हां, आता सोड.”

सगळी मेख या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. निपल उघडं असताना पेडल वर आलं तर तिथून हवा आत खेचली जाते. आधी बंद, मग पाय वर.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्या. पेडल तळापर्यंत नेलं तर मास्टर सिलिंडरचं सील एरवी कधी न पोचणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासलं जातं आणि फाटू शकतं. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण खाली जाणार नाही.

दर पाच-सहा वेळा दाबून झालं की टाकी पाहा. पातळी किमान रेषेच्या खाली गेली तर हवा शिरेल आणि पहिल्यापासून सगळं करावं लागेल. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर स्कॅनर लावूनच ती निघते, घरी नाही. नळीत ताज्या ऑइलचा फिकट रंग दिसला आणि बुडबुडे थांबले की पुढचं चाक. मागच्या चाकांना जास्त वेळ लागतो, पाइप लांब असतो. निपल घट्ट करताना बेताने करा, ते आतून पोकळ असतं. रबरी टोपी परत बसवायला विसरू नका.

बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच याच टाकीतून ऑइल घेतो. क्लचची लाइन जुन्या ऑइलने भरलेली राहिली तर तीही त्याच वेळी काढून घ्या.

शेवटी टाकी कमाल रेषेपर्यंत भरा, झाकण लावा, इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे, गाडी बाहेर काढू नका. नसेल तर मोकळ्या जागी पायी चालण्याच्या वेगात ब्रेक तपासा, मग वेग वाढवा.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलबरोबर पाठवा.

पायरी सहावी : ट्रॅकवर

पहिली फेरी ब्रेकना तापू द्या, मग जोर लावा. दहा-पंधरा मिनिटांच्या सत्रात सरळीवर, वळणाच्या बरंच आधी, पेडल हलकेच चाचपून पाहा. नेहमीपेक्षा खाली लागलं तर दोन-तीनदा भराभर दाबा, गिअर कमी करा, हात दाखवून बाजूला व्हा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतची गाड्या थांबवायची जागा) या. आणखी एक फेरी मारून बघू, हा मोह टाळाच.

शेवटची फेरी ब्रेकला जवळपास हात न लावता, इंजिनवर काढा. डिस्क वाऱ्यावर निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेक दाबून उभे राहू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा. वर सांगितलं तेच कारण, उष्णता गाडी थांबल्यावर ऑइलकडे चढते.

पायरी सातवी : घरी परत निघण्याआधी

त्याच संध्याकाळी, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, पुढच्या दोन्ही चाकांतून पाच-सहा दाबांएवढं ऑइल काढा. सगळ्यात जास्त तापलेलं ऑइल तिथेच असतं. म्हणूनच बाराशे किलोमीटर लांब जाताना पाना, नळी आणि अर्ध्या लिटरची न फोडलेली बाटली डिकीत असू द्या. नळीत बुडबुडे दिसले तर ते संपेपर्यंत काढा.

टाकीची पातळी पाहताना एक लक्षात असू द्या. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप थोडी खाली जाते. लगेच वरून ओतू नका, आधी पॅड किती उरलेत ते पाहा. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे गेले की वर ओतलेलं ऑइल टाकीबाहेर सांडतं.

आणि मग टाकीजवळ मास्किंग टेपची पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करने महिना, वर्ष आणि ऑइलचं नाव लिहा. माझ्या गाडीत अशा तीन पट्ट्या एकाखाली एक आहेत.